कबुली आहे, परतफेड कोठे?

‘लाउदातो सी’ आणि ‘लाउदाते देउम’ : एक परीक्षण

पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक २४ मे २०१५ या दिनांकाचे आहे. सहा प्रकरणे आणि २४६ परिच्छेद असा त्याचा विस्तार. त्यानंतर आठ वर्षांनी, ४ ऑक्टोबर २०२३ रोजी, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणादिवशी ‘लाउदाते देउम’ हे ७३ परिच्छेदांचे लहानसे बोधपत्र निघाले. पहिल्याचे शीर्षक संत फ्रान्सिसने उंब्रियाच्या बोलीत रचलेल्या सृष्टिस्तोत्रातून घेतलेले, तर दुसऱ्याचे लॅटिन आहे. दोहोंचा मध्यवर्ती विषय एकच : पृथ्वीची वाढती उष्णता, तिची कारणे, तिचे परिणाम आणि त्यासंबंधी माणसाचे कर्तव्य. २१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस प्रभूघरी गेले. त्यांच्या या विषयावरील लेखनाला आता पूर्णविराम मिळाला असल्यामुळे त्याचे समग्र परीक्षण करावयास हरकत नाही.

अशा परीक्षणाची गरजही आहे. कारण या लेखांच्या वाट्याला आपल्याकडे गौरव पुष्कळ आला, चिकित्सा मात्र थोडी. पर्यावरणदिनी व्यासपीठावरून त्यांचा नामोल्लेख होतो, आवारात दोन रोपे लावली जातात आणि विषय संपतो. वास्तविक हे लेख सौम्य नव्हेत. त्यांतील विचार शेवटपर्यंत नेला तर धनिक राष्ट्रांना, व्यापारी संस्थांना, आणि स्वतः ख्रिस्तसभेलाही तो जड जाणारा आहे. परंतु तो शेवटपर्यंत नेला गेला आहे काय, हाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न होय.

परीक्षणासाठी काही कसोटी हवी. ती बाहेरून आणण्याचे कारण नाही. लेखांतच ती सापडते. ‘लाउदातो सी’च्या आरंभीच कॉन्स्टँटिनोपलचे कुलगुरू बार्थोलोम्यू यांचा आधार घेऊन सृष्टीची हानी हे पाप आहे असे म्हटले आहे, आणि अखेरच्या प्रकरणात त्यावर उपाय म्हणून हृदयपरिवर्तनाची मागणी केली आहे. आता एखाद्या गोष्टीस पाप हे नाव दिले, की तिच्या निवारणाचा मार्गही ठरलेला असतो. त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५५१ साली प्रायश्चित्त संस्काराचा विचार करताना पश्चात्तापी मनुष्याची तीन कर्तव्ये सांगितली : अनुताप, कबुली आणि परिमार्जन. मनाने हळहळणे, मुखाने दोष मान्य करणे आणि कृतीने झालेली हानी भरून काढणे, असा हा क्रम आहे. या तीन अंगांवर दोन्ही लेख पारखून पाहावेत, म्हणजे त्यांचे बळ कोठे आहे आणि उणीव कोठे, हे आपोआप दिसून येईल. विवेचनाच्या सोयीसाठी कबुलीचा विचार प्रथम करतो.

१. कबुली

कबुली चांगली व्हावयाची तर ती नेमकी असावी लागते. या दृष्टीने दोन्ही लेखांचा पहिला भाग अत्यंत मोलाचा आहे. पृथ्वी का तापते, हे त्यांत आडपडदा न ठेवता सांगितले आहे. सूर्याचा प्रकाश वातावरणातून खाली येतो. तापलेली भूमी ती उष्णता पुन्हा वर सोडते. परंतु वातावरणातील काही वायू तिच्यापैकी बराच अंश अडवून धरतात. कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच कर्बवायू, हा त्यांपैकी प्रमुख. ही विद्या काही कालपरवाची नव्हे. जॉन टिंडल याने १८५९ साली प्रयोगांनी दाखवून दिले की हा वायू उष्णतेचे किरण शोषून घेतो. स्वीडनच्या आऱ्हेनियसने १८९६ साली या वायूचे प्रमाण दुप्पट झाल्यास पृथ्वीचे तापमान किती वाढेल याचे गणित मांडले. १९५८ साली चार्ल्स कीलिंगने हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. यंत्रयुगापूर्वी ते सुमारे २८० असत. २०२४ साली ते ४२० च्याही वर गेले. दगडी कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांचे ज्वलन हे या वाढीचे मुख्य कारण, आणि जंगलांची तोड हे दुसरे.

२०१५ च्या परिपत्रकात हे सारे काहीसे संयत भाषेत आहे. अलीकडील दशकांतील उष्णतावाढीचा बहुतांश भाग मानवी व्यवहारांतून निघणाऱ्या वायूंमुळे आहे, असे तेथे म्हटले आहे. २०२१ साली हवामानबदलासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञमंडळाने मानवाचा हा प्रभाव निःसंदिग्ध असल्याचा निर्वाळा दिला, आणि २०२३ च्या बोधपत्राची भाषा त्या मानाने कठोर झाली. हे सत्य नाकारणारे लोक कॅथलिक सभेतही आहेत, हे त्यात स्पष्टपणे लिहिले आहे. धर्मपीठाने आपल्याच घरातील अज्ञानावर असे बोट ठेवणे विरळा, आणि म्हणून अभिनंदनीय.

परिणामांचे वर्णनही असेच नेमके आहे. हिमनद्या वितळणे, समुद्राची पातळी चढणे, सागरजल आम्लधर्मी होणे, पिके बुडणे, माणसे देशोधडीस लागणे, या सर्वांचा एकमेकांशी असलेला संबंध उलगडून दाखविला आहे. १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरांनी वाढली, आणि २०२४ हे वर्ष यंत्रयुगापूर्वीच्या तापमानाहून दीड अंशापेक्षा अधिक उष्ण ठरलेले पहिले वर्ष होय. आपल्या वाचकांना याचे प्रत्यंतर दूर शोधावयास नको. तापलेली हवा दर अंशामागे सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवते. ते बाष्प कोसळते तेव्हा थोड्या तासांत पुष्कळ पाऊस पडतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानसंस्थेतील संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिले की मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून २०१५ पर्यंत सुमारे तिप्पट झाल्या. कोणत्याही एका पुराचे खापर केवळ उष्णतावाढीवर फोडता येत नाही, हे खरे. धरणांतून पाणी सोडण्यातील चुका आणि नदीपात्रातील बांधकामे यांचाही त्यात वाटा असतो. तथापि २०१९ च्या ऑगस्टमध्ये घटप्रभा-मलप्रभेने बेळगाव जिल्ह्यात जे केले आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीने वडोदऱ्यात जे केले, ते या वाढत्या क्रमाशी जुळणारे आहे.

असे असूनही या कबुलीत एक दोष राहून गेला आहे, आणि तो व्याकरणाचा आहे. ‘लाउदातो सी’चा कर्ता बहुतेक ठिकाणी ‘आपण’ हा आहे : आपण पृथ्वी लुटली, आपण तिला जखमा केल्या. प्रार्थनेत हे अनेकवचन शोभून दिसते. परंतु पापनिवेदनाच्या वेळी ‘आपण सर्वांनी चोरी केली’ असे म्हणणाऱ्याला कोणताही धर्मगुरू थांबवून विचारील, ‘बाबा रे, तू स्वतः काय केलेस ते सांग.’ चोरी करणारा आणि ज्याच्या घरी चोरी झाली तो, दोघेही एकाच ‘आपण’मध्ये बसू शकत नाहीत. परिपत्रकात उत्तर आणि दक्षिण गोलार्धांतील विषमतेचा उल्लेख आहे. परंतु एकाही धनाढ्य देशाला नाव घेऊन दोषी म्हटलेले नाही. बोधपत्राने ही उणीव काही अंशी दूर केली. आफ्रिकेचा या हानीतील वाटा अत्यल्प असल्याचे तेथे सांगितले आहे, आणि अखेरीस अमेरिकेतील माणशी उत्सर्जन चीनच्या सुमारे दुप्पट व अतिगरीब देशांच्या सरासरीच्या सुमारे सातपट आहे असा आकडाच दिला आहे. ७३ परिच्छेदांपैकी ७२ व्या परिच्छेदात का होईना, कबुली नावानिशी झाली.

२. अनुताप

अनुताप म्हणजे केवळ वाईट वाटणे नव्हे. ज्या वृत्तीतून दोष घडला ती ओळखून तिच्याकडे पाठ फिरविणे. लेखांचा सर्वांत समृद्ध भाग येथे आहे.

१९६७ साली लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने एका प्रसिद्ध निबंधात असा आरोप केला की पर्यावरणाच्या ऱ्हासाचे मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्मात आहे; उत्पत्तीच्या पुस्तकाने माणसाला सृष्टीवर सत्ता दिली, आणि माणसाने ती बजावली. गंमत अशी की त्याच निबंधाच्या शेवटी त्याने असिसीच्या फ्रान्सिसला पर्यावरणाचा आश्रयदाता संत मानावे अशी सूचना केली, आणि १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तशी घोषणाही केली. ‘लाउदातो सी’चे दुसरे प्रकरण म्हणजे एका परीने या आरोपाला दिलेले उत्तर होय. ख्रिस्ती लोकांनी वेळोवेळी शास्त्राचा चुकीचा अर्थ लावला हे मान्य करून ते पहिल्या अध्यायातील सत्तेच्या आज्ञेचा अर्थ दुसऱ्या अध्यायाच्या प्रकाशात लावते. तेथील दोन हिब्रू क्रियापदे महत्त्वाची आहेत : ‘आबाद’, म्हणजे मशागत करणे, परंतु सेवा करणे असाही त्याचा अर्थ होतो, आणि ‘शामार’, म्हणजे राखणे.

मराठी वाचकाला या चर्चेत एक अधिक पदर दिसेल. आपल्या भाषांतरात पहिल्या अध्यायात ‘सत्ता’ हा शब्द आहे. मराठीत सत्ता म्हटली की राजदंड, अंमल आणि वसुली आठवते. ‘राखण’ म्हटली की शेताच्या बांधावर रात्र जागून काढणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. पीक त्याचे नसले तरी जबाबदारी त्याची असते. पहिल्या शब्दावर आपल्याकडे प्रवचने पुष्कळ झाली. दुसऱ्या शब्दावर ती व्हावयाची आहेत. ‘लाउदातो सी’ने त्यासाठी भक्कम पाया घालून दिला आहे.

परिपत्रकाचे तिसरे प्रकरण याहूनही खोल जाते. धुराच्या मागे यंत्र आहे आणि यंत्राच्या मागे एक दृष्टी आहे, असे त्याचे प्रतिपादन. जे जे समोर दिसते ते ते कच्चा माल, आणि जे जे करता येते ते ते करावयाचेच, अशी ती दृष्टी होय. यंत्रविद्येला विरोध येथे नाही. यंत्रविद्येने ठरविलेल्या मोजमापांखेरीज दुसरे काहीच मोलाचे न मानण्याला विरोध आहे. म्हणून केवळ नवे यंत्र आणून जुन्या यंत्राचे पाप धुऊन निघेल, ही आशा दोन्ही लेख नाकारतात. सूर्यशक्ती आणि वाऱ्याची शक्ती यांचा स्वीकार तर हवाच. कोळसा, तेल आणि वायू यांची जागा विलंब न लावता दुसऱ्या साधनांनी घेतली पाहिजे, असे परिपत्रक स्पष्टपणे सांगते. पण हाव तीच ठेवून इंधन तेवढे बदलले तर दुसरीकडची भूमी, दुसरीकडच्या खाणी आणि दुसरीकडचे लोक भरडले जातील, हा इशारा यथार्थ आहे.

अनुतापाच्या या विवेचनाला उणे बोट लावण्यासारखी एकच गोष्ट आहे. अखेरच्या प्रकरणात हृदयपरिवर्तनाची लक्षणे म्हणून ज्या कृती सांगितल्या आहेत त्या बहुतेक घरगुती आहेत : प्लास्टिक कमी वापरणे, पाणी जपणे, नको असलेले दिवे मालवणे, लागेल तेवढेच शिजवणे. त्या कोणी क्षुद्र मानू नयेत. तथापि आपल्याकडील बहुसंख्य घरांत हे सारे दारिद्र्यामुळे किंवा संस्कारामुळे पूर्वीपासून चालत आले आहे. दोन खोल्यांच्या घरात पंखा बंद करण्याचा उपदेश करणे आणि त्याच प्रवचनात औष्णिक वीजकेंद्राविषयी मौन पाळणे, हा अनुताप नव्हे. बोधपत्राने आपल्या परीने येथेही दुरुस्ती केली आहे : अशा घरगुती प्रयत्नांचा आकड्यांवर लगेच मोठा परिणाम होणार नाही, त्यांचे खरे मोल समाजाच्या अंतरंगात होणाऱ्या बदलात आहे, असे त्यात प्रांजळपणे म्हटले आहे.

३. परिमार्जन

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ‘लाउदातो सी’च्या ५१ व ५२ या परिच्छेदांत एक विलक्षण शब्दप्रयोग आहे : सृष्टीविषयक ऋण. उत्तरेकडील राष्ट्रे दक्षिणेकडील राष्ट्रांचे हे ऋण लागतात, असे तेथे म्हटले आहे. गरीब देशांचे परकीय कर्ज त्यांना वेठीस धरण्यासाठी वापरले जाते, पण या दुसऱ्या ऋणाची मात्र कोणी वसुली करीत नाही, हे मार्मिक निरीक्षणही तेथेच आहे. सर्व परिपत्रकात याहून धाडसी वाक्ये नसतील. परंतु ऋण मान्य केल्यावर ते फेडण्यासाठी काय सुचविले आहे? श्रीमंत राष्ट्रांनी इंधनाचा वापर बराच कमी करावा आणि गरीब राष्ट्रांना साहाय्य द्यावे. येथे साहाय्य हा शब्द खटकतो. ज्याचे देणे लागतो त्याला साहाय्य करीत नाहीत. त्याचे देणे चुकते करतात. धनको एका वाक्यात धनको असतो आणि पुढच्या वाक्यात याचक होतो.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. संत थॉमस अक्विनास यांनी परतफेडीची गणना दयेत नव्हे, तर न्यायात केली आहे, आणि हरण केलेली वस्तू परत करणे तारणासाठी आवश्यक मानले आहे. दान देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. त्याची वेळ, रक्कम आणि अटी तोच ठरवितो. परतफेडीची रक्कम झालेल्या हानीवरून ठरते. परिपत्रक ज्या परंपरेत उभे आहे तिच्याजवळ इतके धारदार शस्त्र असताना ते म्यानातच राहावे, ही त्याची सर्वांत मोठी उणीव होय.

येथे विज्ञानाची साक्ष महत्त्वाची आहे. कर्बवायू धुरळ्यासारखा दोन दिवसांत खाली बसत नाही. एकदा वर गेल्यावर त्याचा मोठा अंश शतकानुशतके तेथेच राहतो. त्यामुळे आजची उष्णता ही आजच्या धुराची नव्हे, तर साऱ्या साठ्याची आहे. खनिज इंधनांतून आजवर निघालेल्या एकूण कर्बवायूपैकी सुमारे एक चतुर्थांश एकट्या अमेरिकेचा आहे. भारताचा वाटा तीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपास. ऋण हा शब्द म्हणून अलंकारिक नाही. त्याची खातेवही आकाशात आहे आणि ती वाचता येते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो शास्त्राच्या आधाराने घेतला जाईल. पुत्राने पित्याच्या पापाचा भार वाहू नये असे यहेज्केल संदेष्टा सांगतो. मग एकोणिसाव्या शतकातील गिरणीमालकांच्या धुराचा जाब आजच्या पिढीला का विचारावा? उत्तर असे की अपराध वारशाने येत नाही, पण मालमत्ता येते, आणि मालमत्तेबरोबर तिच्यावरील बोजाही येतो. वडिलांचा वाडा घेणाऱ्याला वडिलांचे कर्ज नाकारता येत नाही. शिवाय सारा धूर आजोबांचा नाहीच. १८५० पासूनच्या एकूण उत्सर्जनापैकी ४२ टक्क्यांहून अधिक १९९० नंतर झाले, हा आकडा ‘लाउदाते देउम’मध्येच आहे. शास्त्रज्ञमंडळाचा पहिला अहवाल १९९० साली जगापुढे आला होता. त्यानंतरच्या धुरासाठी अज्ञानाची सबब चालणार नाही.

परिमार्जनाच्या नावाखाली प्रत्यक्षात काय चालले आहे हे पाहिले म्हणजे परिपत्रकाच्या मौनाची किंमत कळते. हवामानामुळे झालेल्या हानीच्या भरपाईसाठी एक निधी उभारण्याचे २०२२ साली इजिप्तमधील शर्म-अल-शेख येथे ठरले, आणि पुढील वर्षी दुबईत तो सुरू झाला. त्या वेळी मिळालेली आश्वासने सत्तर कोटी डॉलरांच्या आसपास होती. एकट्या पाकिस्तानात २०२२ च्या महापुराने झालेल्या हानी-नुकसानीचा अंदाज तीन हजार कोटी डॉलरांहून अधिक होता. २०२४ साली बाकू येथे २०३५ पर्यंत वर्षाला तीस हजार कोटी डॉलर उभे करण्याचे ठरले. परंतु त्यात कर्जेही धरली जाणार आहेत. आपण ज्याचे देणे लागतो त्यालाच व्याजाने कर्ज द्यावे आणि त्याला भरपाई म्हणावे, यापेक्षा न्यायाची विटंबना ती कोणती?

याच्या शेजारी उत्सर्जनाच्या हक्कांचा बाजार आहे. एका ठिकाणी धूर सोडावा आणि दूरच्या देशात कोणी झाडे लावली किंवा तोडली नाहीत म्हणून पैसे देऊन आपला हिशेब साफ झाल्याचे जाहीर करावे, असा तो व्यवहार. ‘लाउदातो सी’ने १७१ व्या परिच्छेदात त्यावर टीका केली आहे : त्यातून सट्टेबाजीला वाव मिळेल आणि अतिरेकी उपभोग चालू ठेवण्याची पळवाट सापडेल. ज्या धर्मपीठाने एके काळी पापक्षमापत्रांचा व्यवहार चालू दिला त्याच धर्मपीठाने ही टीका करावी, यात इतिहासाचा धडा शिकल्याची खूण दिसते. १५१७ साली लूथरने ज्याविरुद्ध आवाज उठविला ते हेच होते : पैशाने दंड फिटतो, मग मन पालटण्याचे कारण उरत नाही.

यावरून आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंना शंका येईल की परिमार्जनावर भर देणे म्हणजे कृत्यांनी क्षमा विकत घेणेच नव्हे काय? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर जक्कयाच्या कथेत आहे. प्रभू त्याच्या घरी उतरला तो जक्कयाने पैसे परत केल्यानंतर नव्हे, आधी उतरला. त्या स्वीकारानंतर जक्कयाने अर्धी संपत्ती गरिबांना देण्याचे आणि फसवून घेतलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. परतफेड ही क्षमेची किंमत नव्हती; क्षमा खरोखर पोहोचल्याची ती खूण होती. जक्कयाने दान आणि परतफेड ही दोन खाती वेगळी ठेवली, हेही लक्षात घ्यावे. आजच्या परिषदांत नेमकी हीच दोन खाती एक केली जात आहेत.

न्याय्य परीक्षणासाठी हेही नोंदविले पाहिजे की पोप फ्रान्सिस स्वतः या दिशेने पुढे सरकत होते. २०२५ च्या जुबिलीची जी घोषणा त्यांनी २०२४ च्या मे महिन्यात केली तीत गरीब देशांची कर्जे माफ करण्याची मागणी सृष्टीविषयक ऋणाशी जोडलेली आहे, आणि ती औदार्याची नव्हे, न्यायाची बाब म्हणून. २०२२ साली व्हॅटिकन पॅरिस कराराचे सदस्य झाले. जून २०२४ मध्ये रोमजवळील सांता मारिया दी गालेरिया येथील आपल्या जमिनीवर सूर्यशक्तीचा प्रकल्प उभारून व्हॅटिकनची विजेची सारी गरज भागविण्याचा आदेश त्यांनी काढला. ही परिमार्जनाची सुरुवात म्हणता येईल. परंतु ती परिपत्रकाच्या बाहेर झाली; सिद्धान्तात तिला अजून जागा मिळालेली नाही.

४. आपल्या घरचा हिशेब

येथपर्यंतचे विवेचन वाचून आपल्यापैकी काहींना समाधान वाटेल की दोष श्रीमंत राष्ट्रांचा आहे, आपण धनको आहोत. ‘लाउदातो सी’ हे समाधान टिकू देत नाही. गरीब देशांनी दारिद्र्यनिर्मूलनास अग्रक्रम द्यावा असे सांगून त्याच १७२ व्या परिच्छेदात ते या देशांतील सुखवस्तू वर्गाच्या बेसुमार उपभोगाकडेही बोट दाखविते. भारताचे माणशी उत्सर्जन वर्षाला सुमारे दोन टन, अमेरिकेचे सुमारे चौदा. पण एकूण उत्सर्जनात भारत आज जगात तिसरा आहे, आणि दोन टनांच्या सरासरीत शेतमजुराची झोपडी आणि महानगरातील वातानुकूलित बंगला दोन्ही मिसळलेले आहेत. जो ‘आपण’ परिपत्रकात खटकला तोच भारताच्या सरासरीतही लपलेला आहे.

आमच्या भागातील उदाहरण घ्यावे. परदेशातून येणारा दगडी कोळसा मुरगाव बंदरात उतरतो आणि कुळे, कॅसलरॉक, लोंढा या मार्गाने घाट चढून कर्नाटकातील पोलादाच्या कारखान्यांकडे जातो. या घाटातील लोहमार्ग दुहेरी करण्यासाठी मोले अभयारण्यातील वन तोडावे लागणार होते. २०२० साली गोव्यात त्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले, आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दुहेरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. पोलाद सर्वांनाच हवे. आपल्या चर्चच्या छपरांतही ते आहे. प्रश्न असा की कोळशाच्या धुळीचा आणि तुटलेल्या रानाचा भार कोण वाहतो आणि लाभ कोण घेतो. ऋणाचा जो नियम राष्ट्राराष्ट्रांत लागू तोच बंदर, घाट आणि कारखाना यांच्यातही लागू आहे.

उपायांचे उदाहरणही जवळच आहे. गोव्यातील खाजण जमिनी म्हणजे खाडीच्या खाऱ्या पाण्यातून बांध घालून मिळविलेली शेते. भरतीचे पाणी अडवावे आणि ओहोटीला आतले पाणी सोडावे यासाठी बांधांत दारे असतात. त्यांना मानस म्हणतात. कोरगुट नावाचे, खारेपणा सोसणारे भात तेथे पिकते. हे बांध गावकरी संस्थेने सामुदायिक जबाबदारीने राखले. १५२६ साली पोर्तुगीजांनी गावकऱ्यांचे जे रीतिरिवाज लेखी नोंदविले त्याहून ही व्यवस्था जुनी आहे. समुद्र चढत असताना या बांधांचे मोल वाढले आहे, आणि नेमक्या याच काळात त्यांतील अनेक दुर्लक्षाने फुटत आहेत. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातील ‘राखण’ या शब्दाचे याहून चांगले भाष्य सांगता येणार नाही. जो बांध एकट्याने राखता येत नाही आणि एकाने सोडला तर सर्वांचे शेत खारावते, तो बांध राखणे हा धर्म होय.

मग ख्रिस्तसभेने काय करावे? परिमार्जनाची सुरुवात हिशेबापासून होते. प्रत्येक धर्मप्रांताने आणि संस्थेने आपल्या ठेवी कोणत्या उद्योगांत गुंतविल्या आहेत हे पाहावे. आपल्या शाळा, दवाखाने, वसतिगृहे यांचा विजेचा हिशेब ताळेबंदासोबत मांडावा. धर्मग्रामाच्या मालकीची खाजणे, तळी, झरे, राने यांची यादी करून त्यांची राखण कोणाकडे आहे ते ठरवावे. पुरात घर गेलेल्यांना दिलेले धान्य दानाच्या खात्यात जाते. परंतु नदीकाठी सखल जागेत आपण जी भिंत बांधली आणि जिच्यामुळे पाणी शेजारच्या वस्तीत शिरले, तिची भरपाई वेगळ्या खात्यात लिहावी. आणि आमच्या पाठशाळांत प्रायश्चित्त संस्कार शिकविताना परतफेडीचा पाठ खाजगी चोरीपुरता न ठेवता हवा, पाणी आणि भूमी यांच्या चोरीपर्यंत न्यावा.

समारोप करताना असे म्हणता येईल की कबुली आणि अनुताप या दोन अंगांनी हे लेख या शतकातील ख्रिस्ती चिंतनात वरच्या स्थानी राहतील. विज्ञानाचा इतका प्रामाणिक स्वीकार, आणि गरिबांचा आक्रोश व भूमीचा आक्रोश एकच आहे ही जाणीव, इतक्या अधिकारवाणीने यापूर्वी मांडली गेली नव्हती. विद्यार्थ्यांनी ते मुळातून वाचावेत. आधी बोधपत्र आणि मग परिपत्रक या क्रमाने वाचल्यास अधिक लाभ होईल. परंतु परिमार्जनाचे अंग त्यांत अपुरे आहे, आणि ते पुरे करण्याचे काम रोमवर सोपवून चालणार नाही. ऋणको कोण आणि धनको कोण हे ज्या गावात उघड दिसते, त्या गावातल्या ख्रिस्तसभेलाच ते करावे लागेल.